मुंगी नंबर चारशे सतरा पोचली

धप्प!... आणि पाठोपाठ खालून, घसा ताणून, "आली!"... धप्प!... "आली!"... तो आवाज बंद होऊन किती वर्षं झाली, ते गोदाम पाडलं, तिथं आता मोटारी लावतात, पण तुम्हाला सांगतो, माझ्या कानातून तो काही गेला नाही, आणि घरातल्यांचं म्हणणं असं की त्या आवाजापायीच मी सुनेच्या दोन वर्षांच्या कामावर पाणी फिरवायला निघालो होतो! मी निघालो होतो? अहो, मी कुठंही निघालो नव्हतो! मी खिडकीपाशी स्टुलावर बसलो होतो. आठवडाभर! जेवायलासुद्धा धड उठलो नाही. आणि करत काय होतो? पोच देत होतो. एवढाच गुन्हा. आता तुम्हीच सांगा, एखादी बिचारी कुठून कुठून धापा टाकत तुमच्या दारात आली, तर पोचली म्हणून सांगायला नको?

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हीही घरच्यांसारखं माझ्याकडे बघायला लागाल.

तर साखरेचं गोदाम होतं. वरच्या मजल्यावर एक माणूस, खालच्या मजल्यावर मी, आणि मधे फळ्यांची घसरगुंडी. वरच्यानं गोणी सोडायची, ती सरसरत खाली यायची, धप्प, मी ती बाजूला ओढायची आणि ओरडायचं, "आली!" मग त्यानं दुसरी सोडायची. वरून खालचं दिसत नाही, खालून वरचं दिसत नाही, दोघांच्या मधे काय तो हा एक शब्द. एकतीस वर्षं मी तो ओरडलो. आमची ही तर सगळ्यांना सांगते, "माझे वडील पहिल्यांदा यांच्या घरी गेले, तर हे दारातच उभे राहून ओरडले, 'आले!'" खोटं आहे. हळू म्हणालो होतो.

एकदाच, तुम्हाला सांगतो, एकदाच मी तापानं आजारी पडलो आणि माझ्या जागी बदली माणूस आला. तोंडात तंबाखू. तोंड उघडावं तर तंबाखू जाणार, म्हणून हा नुसताच मान हलवायचा. आता वरच्याला मान दिसणार कशी? वरच्याला आम्ही पैलवान म्हणायचो, कारण तो काडीसारखा होता. पैलवानानं वाट बघितली, बघितली, मग वैतागून सोडली दुसरी. मग तिसरी. मग म्हणे रागाच्या भरात चार एकदम! गोणीवर गोणी, फळी मोडली, सात गोण्या फुटल्या आणि बदली माणूस कमरेपर्यंत साखरेत. त्याला ओढून काढणारे लोक मधेमधे बोटं चाटत होते. का झालं हे सगळं? एक शब्द वाचवला म्हणून. पोचली म्हणून सांगायला नको?

मी बरा होऊन आलो तर खाली मुंग्याच मुंग्या. मुकादम म्हणाला, "मार त्यांना." माझ्यानं काही होईना. मी बसलो बघत. भिंतीच्या भोकातून साखरेपर्यंत त्यांच्या दोन वाटा होत्या, एक भिंतीच्या कडेनं लांबची, एक मोडक्या फळीखालून जवळची. पहिल्या दिवशी निम्म्या इकडून, निम्म्या तिकडून. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या फळीखालून! त्यांना कुणी सांगितलं? पाटी लावली होती? मी त्या वाटेवर ओलं फडकं आडवं टाकलं. अर्धा तास नुसता गोंधळ, आणि मग बघा, सगळ्या भिंतीच्या कडेनं. आणि दोन मुंग्या समोरासमोर आल्या की तोंडाला तोंड लावल्याशिवाय पुढं जात नाहीत. म्हणजे त्यासुद्धा सांगतात!

हे सगळं मी सुनेला सांगितलं होतं. तिथंच चुकलं.

आमची सून एका मोठ्या कंपनीत आहे, मोबाइलवर माणसं एकमेकांना निरोप पाठवतात ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. पण ही ते बनवत नाही. ही मोजते. निरोप इथून निघाला, तिथं पोचला, किती वेळ लागला, वाटेत कुठं रेंगाळला, हे मोजायचं. मी विचारलं, "अगं, यात मोजायचं काय? निघाला, पोचला." तर ती बोलायला लागली की तिचं असं असतं, चहाचा कप हातात तसाच आणि शब्द मात्र धावताहेत, "बाबा, तसं नाही ना ते! एका घरून दुसऱ्या घरी जायला वाटा पन्नास असतात, आणि प्रत्येक वाटेवर कसं चालायचं याचे नियम वेगळे. एक नियम तुमच्या गोदामासारखा, एक पाठवा, पोच येईपर्यंत थांबा. दुसरा, दहा एकदम पाठवा, पोच मागाहून बघू. तिसरा, पाठवा आणि विसरून जा."

"विसरून जा?" मी म्हटलं, "माणसं आहेत का कोण आहेत?"

"तिसराच सगळ्यात फास्ट असतो, बाबा."

असेल! पैलवानसुद्धा त्या दिवशी फास्टच होता!

तर यातला कुठला नियम कुठल्या वाटेवर बरा, हे तिला काढायचं होतं. आणि ते मुंग्यांकडून काढायचं, असं तिच्या डोक्यात आलं. खऱ्या मुंग्या नव्हेत हो. इवलेइवले खोटे निरोप. ते सोडून द्यायचे हजारांनी. जो जाऊन पटकन परत येईल त्यानं आपल्या वाटेवर थोडा वास ठेवायचा, म्हणजे वास नाही, आकडा, पण ती वासच म्हणते. मागून येणाऱ्यानं वास बघायचा आणि जिथं जास्त तिकडं जायचं. आणि वास हळूहळू उडून जाणार. ज्या वाटेला कुणी फिरकत नाही ती आपोआप पुसली जाणार. आठवड्यानं बघायचं, वास कुठं दाट झालाय. मी म्हटलं, "हे तर माझं फडकं आणि फळी." ती म्हणाली, "तुम्हीच माझे मुंग्यांचे सल्लागार, बाबा!" आता खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी संध्याकाळी फिरायला गेलो तो जरा ताठ चाललो.

पण तिच्या वर एक साहेब. घड्याळसाहेब म्हणतात त्याला. त्याच्या खिशात आजही धावण्याच्या शर्यतीचं ते बटणाचं घड्याळ असतं आणि त्याचा विश्वास तेवढ्यावरच. सून त्याची नक्कल करते, हनुवटी छातीला लावून, "मॅडम, मुंग्या स्वैपाकघरात बऱ्या. मला एक आकडा द्या. एक." आणि त्यानं सांगून टाकलं, पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता सगळं माझ्यासमोर मांडा. जमलं तर ठीक. नाही जमलं तर मुंग्या बंद, तुमची टीम बंद, आणि तुम्ही परत तक्रारींच्या खात्यात.

तक्रारींचं खातं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तीन वर्षं ती तिथं होती. दिवसभर लोकांचं वाचायचं, 'माझा मेसेज गेला नाही', 'तिनं वाचला पण उत्तर दिलं नाही, तुमचं सॉफ्टवेअर खराब आहे'. घरी यायची ती डोक्याला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत पडायची. ताटावर बसली तरी घास हातातच राहायचा. ती आमची बडबडी पोर तीन वर्षं गप्प होती हो. आता ती पुन्हा बोलायला लागली होती, कप हातात धरून. तर शुक्रवारचं असं होतं.

आता या मुंग्यांना जायला खरी घरं पाहिजेत. ऑफिसातल्या तीस जणांच्या घरी एकेक मोबाइल ठेवायचा ठरलं. एक आमच्याकडे. तिनं तो खिडकीत ठेवला, वायर लावली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त ही वायर कुणाला काढू देऊ नका. बस."

काही करायचं नाही! ज्यानं एकतीस वर्षं गोणी ओढली त्याला हे सांगता? तरी मी म्हटलं, बरं. स्टूल घेतलं, वायरवर नजर ठेवून बसलो. ती ऑफिसला गेली, मुलगा कामावर गेला. आणि जरा वेळानं... टुंग!

बघतो तर पडद्यावर लिहिलेलं, "मुंगी नंबर चारशे सतरा. पोच द्यावी."

तुम्ही काय केलं असतं? नाही, सांगा ना! चक्क लिहिलंय, पोच द्यावी! आता ती पोच मोबाइल आपला आपण देतो, ते त्याच्या पोटातलं काम, ते लिहिलेलं माणसासाठी नव्हतंच, हे मला कुणी सांगितलं होतं का? मी चष्मा लावला, बोट पुसलं आणि लिहायला बसलो. आता माझं लिहिणं म्हणजे, शाळा चौथीपर्यंत, आणि ती अक्षरं मोबाइलवर कुठं लपून बसतात देव जाणे. 'म' सापडला की 'ग' हरवतो. अनुस्वाराला तर मी अख्खा एक दिवस शोधलं होतं. तरी नेटानं लिहिलं, "मुंगी नंबर चारशे सतरा पोचली. सुखरूप आहे. काळजी नसावी." चार मिनिटं लागली असतील. बटण दाबलं. गेलं. आणि गेल्याबरोबर... टुंग! "मुंगी नंबर चारशे अठरा."

अहो, मला इतकं बरं वाटलं! एक आली, पोच दिली, की लगेच दुसरी! शिस्त बघा! मी लिहीत असेपर्यंत एकही मधे आली नाही. लेकी दाराबाहेर रांगेत उभ्या राहत होत्या जणू. बऱ्याच दिवसांनी मला वाटलं की वर कुणीतरी आहे आणि माझ्या आवाजाची वाट बघतंय. आणि मग काय, बसलोच मी. चारशे एकोणीस, चारशे वीस... आंघोळ राहिली. आमची ही आली, "अहो, ऐकलंत का, पान वाढलंय."

"थांब, चारशे बत्तीस आलीय."

"कोण आलीय?"

"मुंगी."

"मग तिलाही पाट मांडू का?"

मी म्हटलं, सुनेचं काम आहे. सुनेचं काम म्हटल्यावर तिनं ताटच खिडकीत आणून ठेवलं. डाव्या हातानं लिहिणं, उजव्यानं जेवणं. पाठीला रग लागली, डोळ्यांतून पाणी, पण उठावं तर टुंग! पाणी प्यावं तर टुंग! बसवेना आणि उठवेना! शेजारचे शिक्षक बुद्धिबळ खेळायला आले, मी म्हटलं, "मास्तर, आज नाही, आज नव्वद झाल्यात." ते हळूच आमच्या हिला विचारून गेले, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

संध्याकाळी सून आली की मी स्टुलावरून उठायचो. तिनं विचारायचं, "बाबा, सगळं ठीक?" मी सांगायचो, "सगळ्या पोचल्या." ती हसायची. तिला वाटायचं बाबा गंमत करतात. मला वाटायचं तिला माझं काम आवडलं. असे आम्ही दोघं चार दिवस एकमेकांकडे बघून हसत होतो!

पण तुम्हाला सांगतो, तिसऱ्या दिवसापासून मुंग्या कमी व्हायला लागल्या. आदल्या दिवशी दीडशे, त्या दिवशी साठ. चौथ्या दिवशी वीस. पाचव्या दिवशी सकाळपासून मी चष्मा लावून, बोट पुसून बसलोय, आणि टुंग नाही. वायर बघितली, आहे. मोबाइल हलवून बघितला. कानाला लावला. काही नाही. माझा जीव थाऱ्यावर राहीना. उठतो, बसतो, पुन्हा उठतो. आमची ही म्हणाली, "पोरीबाळी यायच्या असल्यासारखे काय दारात येरझाऱ्या घालताय?" दुपारी एक आली. एकटी. मुंगी नंबर आठशे दोन. आता तिला नुसतंच 'पोचली' लिहू? मला तर वाटलं माझंच काहीतरी चुकलं. कोरडं लिहीत होतो बहुतेक. मग मी जरा मनापासून लिहिलं, "मुंगी नंबर आठशे दोन पोचली. बाकीच्या का येत नाहीत? प्रकृती ठीक ना? ऊन फार आहे, सावलीनं यावं. घाई नाही. आम्ही घरीच असतो." पाऊण तास लागला. चांगलं पत्र झालं होतं.

आणि त्यानंतर एकही आली नाही.

गुरुवारी संध्याकाळी सून घरी आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. मुलानं विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "आपलं घर मेलं."

आमची ही किंचाळलीच. मग कळलं, नकाशावर. तीस घरांचे तीस ठिपके, एकोणतीस उजळलेले, आमचा काळा. आणि नुसता काळा नाही, काळा पडायच्या आधी त्यानं सगळ्यांचा आकडा खाल्ला. एकोणतीस घरांत मुंगी डोळा मिटायच्या आत जाऊन येते, आमच्या घरात चार मिनिटं! एकदा तर पाऊण तास! सरासरीचं मातेरं झालेलं. साहेबांनी दुपारीच बघितलं होतं. सून त्यांची नक्कल करायला गेली, पण हनुवटी छातीला लावली आणि नक्कल सोडून आपल्याच आवाजात म्हणाली, "मॅडम... चार मिनिटं मुंगी करते काय तिथं? उद्या अकराला हेच सांगा."

झालं, सगळं घर कामाला लागलं. मुलगा फ्रिज दुरुस्तीचं काम करतो, तो म्हणाला भिंत जाड आहे. आमची ही म्हणाली तुझा तो जुना फ्रिज घुरघुरतो त्यानं होतंय. तो म्हणाला, "आई, फ्रिजला नावं ठेवायची नाहीत." सून जमिनीवर बसून मोबाइलच्या पोटातलं एकेक वाचत होती, नियम बरोबर, वाट बरोबर, वायर बरोबर. आणि मी? मीसुद्धा शोधत होतो! बॅटरी घेऊन कपाटाखाली शिरलो होतो! कपाटाखालूनच म्हणालो, "मला तरी कळत नाही बाई. मी तर एकेकीला नीट पोच दिली."

बॅटरीच्या उजेडात मला फक्त तिघांची पावलं दिसत होती. एकही हलेना.

"काय दिली, बाबा?"

मी बाहेर आलो. दाखवलं. तिनं बोटानं वर वर सरकवत नेलं, सरकवत नेलं... तीनशे शहाऐंशी पोचा. तिनं डोकं धरलं आणि एकदम म्हणाली, "माझं कलम! अरे देवा, माझंच कलम!"

तर त्याचं असं होतं. दोन वर्षांपूर्वी मी मुलाला निरोप लिहायला बसायचो, अर्ध्यावर यायचो आणि मधेच कुणाचा तरी निरोप टपकायचा, की माझं लिहिलेलं कुठल्या कुठं जायचं. मी पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी तसाच सोडून द्यायचो. तिनं ते बघितलं होतं. मला काही बोलली नाही, पण बनवणाऱ्यांच्या मागं लागून सॉफ्टवेअरमध्ये एक कलम घालून घेतलं, माणूस लिहीत असेल तर येणाऱ्यानं दाराबाहेर थांबायचं. माझ्यासाठी. आणि ते तिच्याच लक्षातून गेलं होतं. म्हणजे मी चारशे सतराला पोच लिहितोय, आणि चारशे अठरा बाहेर उभी. चार मिनिटं. तिच्या मागं चारशे एकोणीस. आणि मी म्हणतोय, वा, काय शिस्त! मुंग्या बिचाऱ्या या घराचा नाद सोडून निघून गेल्या.

मुलगा म्हणाला, "बाबा, तिनं सांगितलं होतं ना, काही करायचं नाही?" मी म्हटलं, "अरे पण, पोचली म्हणून सांगायला नको?" यावर तो जे बोलला ते सोडून देऊ.

मी सुनेला म्हटलं, "उद्या मी येतो. मी सांगतो साहेबांना, चूक माझी. म्हाताऱ्याला काय करतील?" ती नको नको म्हणाली, पण सकाळी मी बूट घालून दारात उभाच होतो.

सातवा मजला. सगळी भिंत काचेची, दार कुठलं आणि भिंत कुठली कळेना, मी दोनदा भिंतीशी बोललो. एक लांब टेबल, दहा-बारा तरुण मुलंमुली, आणि टोकाला घड्याळसाहेब. माझ्यापेक्षा फार लहान नव्हता हो! सुनेनं नक्कल केली तशीच हनुवटी. भिंतीवर तो नकाशा, तीस ठिपके. मी तोंड उघडणार तेवढ्यात सूनच उभी राहिली, "सर, हे माझे सासरे. हे हातानं पोच देत होते. पण चूक त्यांची नाही. थांबायचं कलम मी घातलंय, मी विसरले."

तिला म्हणता आलं असतं हो, सासऱ्यांनी घोळ घातला. कुणीही मान्य केलं असतं. मी स्वतः ते सांगायलाच आलो होतो.

साहेबांनी माझ्या पोचा भिंतीवर लावल्या. आणि वाचायला लागले, मोठ्यानं, बातम्या वाचतात तसं, "मुंगी नंबर पाचशे तीन पोचली. दमलेली दिसते." पोरं खुसूखुसू हसायला लागली. "मुंगी नंबर सहाशे चाळीस पोचली. माझा हात दुखतो म्हणून उशीर, राग नसावा." आणखी हसली. "घाई नाही. आम्ही घरीच असतो." इथं मात्र कुणी हसलं नाही. का कोण जाणे. मी बुटांकडे बघत होतो.

साहेबांनी खिशातून ते घड्याळ काढलं. "आजोबा, आत्ता एक लिहून दाखवा."

आमच्या खिडकीतला तो मोबाइल सुनेनं आणलाच होता, तो माझ्यापुढं ठेवला. सुनेनं जुना वास पुसून मुंग्या पहिल्यापासून सोडल्या. टुंग! चष्मा लावला, बोट पुसलं, साहेबांनी घड्याळाचं बटण दाबलं. तुम्हाला सांगतो, बारा माणसं बोटाकडे बघत असताना 'म' कधीच सापडत नाही! घाम फुटला. मी लिहितोय, "मुंगी... नंबर... एक..." आणि भिंतीवर सगळ्यांना दिसतंय, आमच्या घराच्या ठिपक्यापाशी मुंग्यांची रांग. वाढतेय, वाढतेय. मी "पोचली" पर्यंत आलो आणि एक पोरगी ओरडली, "बघा, बघा!" मी मान वर केली. रांगेतली एक मुंगी वळली. मग दुसरी. मग सगळी रांगच वळली, आणि शेजारच्या ठिपक्यावरून लांबच्या वाटेनं चालू लागली. माझ्या ओल्या फडक्यापाशी झालं तसं, अगदी तसं!

आणि सून बोलायला लागली. माझी सून, कप नसताना! "सर, तुमचं घड्याळ सांगतं उशीर झाला. कुठं झाला, कुणामुळं झाला, ते त्याला माहीत नाही. या मुंग्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एका घरात माणूस सावकाश आहे, हे त्यांनी स्वतः शोधलं आणि निरोप अडू दिले नाहीत. आणि असं सावकाश माणूस काय एकाच घरात असतं? माझी मोजणी बिघडली नाही, सर. ती बरोबर मोजतेय. ती बाबांना मोजतेय!"

मी बटण दाबलं. गेलं. साहेबांनी घड्याळ बंद केलं, त्यातल्या आकड्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग घड्याळ खिशात टाकलं आणि उठले.

सुनेनं माझा हात असा घट्ट धरला आणि कानात म्हणाली, "झालं, बाबा! झालं! नाही म्हणायचं असतं तर बसून तासभर बोलले असते."

झालं म्हणजे काय? असं असतं का? एवढ्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय, हो म्हणायला तोंड दुखतं? माझ्यानं राहवलं नाही, मी उभा राहिलो आणि गोदामातल्या आवाजात हाक मारली, "साहेब! हो का नाही? ऐकलं म्हणून तरी सांगायला नको?" सगळ्या काचा वाजल्या. साहेब दारात थांबले, मागं न बघता दार ढकललं, आणि एक अक्षर न बोलता, संथपणे, लांबलचक बोळातून निघून गेले. आणि असल्या माणसाच्या हातात, तुम्हाला सांगतो, आख्ख्या जगाचे निरोप आहेत!